पालखीच्या वाटेतला खांब

"ह्यो पयला काडायचा. ह्याच्यात काय देव नाय."

बोलणाऱ्याने खांबावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. खांबाच्या अलीकडे बाबा आणि मी खाली बसलो होतो. त्याला आम्ही दिसत नव्हतो. बाबांचा तळहात त्याच खांबाला टेकलेला होता. ती थाप दगडातून त्यांच्यापर्यंत आली असणार, असं मला वाटलं. त्यांनी हात काढला नाही.

"दर शिमग्याला पालखी वळवताना ह्योच आडवा येतो," दुसरा म्हणाला. "गेल्या वर्षी माझा खांदा सोलवटला."

"खांबानं नाय सोलवटला. तू घेतलेलीस किती, ती सांग आदी."

दोघे हसले आणि तसेच बोलत जांभ्याच्या पायऱ्या उतरून गेले. देवळाच्या जीर्णोद्धार समितीची माणसं होती ती. एक गावातच असतो, दुसरा मुंबईला नोकरीला आणि सणासुदीला गावी. दोघेही बाबांना अण्णा म्हणतात. वाईट माणसं नाहीत. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते कुणाच्या वाईटपणामुळे झालं असं वाटायला नको.

"ऐकलंत?" मी हळूच विचारलं.

"शिमग्यानंतर काढणार आहेत," बाबा म्हणाले. "अजून वेळ आहे."

आम्ही रत्नागिरीत राहतो. गाव आत, संगमेश्वरच्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीने जायचं, देवळात बसायचं, संध्याकाळच्या गाडीने परत, असा बाबांचा निवृत्तीनंतरचा क्रम आणि त्यांच्याबरोबर माझाही. मी त्यांना सोबत करते असं लोकांना सांगितलेलं नव्हतं. माझ्या नोकरीसाठी मी जुनी देवळं बघते, असं सांगितलेलं होतं. त्यावर बायका म्हणायच्या, "बरा हाय गो बाय तुझा. देवळं बगायचा पगार." मी हसायचे. मला पटकन उत्तर सुचत नाही आणि सुचलं तर आधी इंग्रजीत सुचतं. त्याचं मराठी होईपर्यंत बायका पुढच्या विषयावर गेलेल्या असतात.

देऊळ रस्त्यावरून पाहिलं तर देऊळ वाटतही नाही. वर कौलारू छप्पर, बाहेरून चुन्याचे थर, एखाद्या जुन्या शाळेसारखं. वाकून आत गेलं की एकदम काळा पाषाण. आमच्याकडे सगळं जांभ्याचं असतं, घरं, कुंपणाचे गडगे, विहिरी. जांभ्यात बारीक काम कोरता येत नाही, तो भोकाभोकांचा असतो. तेव्हा हा काळा दगड कुणीतरी मुद्दाम आणला असणार. कुणी, कधी, कुठल्या वाटेने, काही लिहिलेलं नाही. गावात विचाराल तर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून शिखर राहून गेलं. मी पुस्तकांत वाचून जे ताडलं, त्याप्रमाणे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं असावं. कुठल्याही सरकारी यादीत ते नाही.

सभामंडपातला प्रत्येक खांब खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल. गोल भागावर कड्यांवर कड्या आहेत, लाकूड लेथवर धरून फिरवावं तशा सारख्या. अगदी वर, तुळईच्या खाली, चारी बाजूंना बुटकी, पोट सुटलेली माणसं कोरली आहेत. दोन्ही हात वर करून ती छत पेलतात. पुस्तकात त्यांना भारवाहक म्हटलेलं असतं. बाबा त्यांना हमाल म्हणतात. एकाचे डोळे मिटलेले, एकाची जीभ बाहेर, एक चक्क हसतो आहे. "त्याला हसायला काय झालं?" मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "त्याच्या बाजूला वजन कमी असेल."

दारातून आत आल्यावर उजव्या हाताला जो पहिला खांब, त्याच्या खालच्या चौकोनात एक नाचणारी बाई आहे. नाक गेलेलं, एक हात कोपरापासून नाही. पण वाकवलेला गुडघा आरशासारखा तुळतुळीत. आत येणारा माणूस उंबऱ्यानंतर वाकलेलाच असतो आणि सरळ होताना त्याचा हात आपोआप त्या गुडघ्यावर पडतो. किती पिढ्यांचे हात पडले असतील कोण जाणे.

बाबांचा हातही तिथेच पडायचा. आणि बाबांना दिसत नव्हतं.

काचबिंदू. आधी कडेचं गेलं, मग मधलंही धुरात गेल्यासारखं झालं. उजेड आहे की अंधार एवढं कळतं. हे आई आणि मी, दोघींनाच माहीत होतं. रत्नागिरीत त्यांनी हळूहळू सगळं सोडलं. भाट्याच्या किनाऱ्यावर रोज फिरायला जायचे, ते गुडघे दुखतात म्हणून सोडलं. गुडघे दुखत नव्हते. ओळखीचं कुणी घरी आलं की ते वर्तमानपत्र उघडून बसायचे. एकदा ते उलटं धरलेलं होतं. आईने पाणी देण्याच्या निमित्ताने काढून घेतलं.

देवळात मात्र तसं काही करावं लागत नसे. एसटीच्या थांब्यापासून देवळापर्यंत मी त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालायचे आणि काहीबाही बोलत राहायचे, ते माझ्या आवाजामागून यायचे. पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. उंबरा ओलांडला की उजवा हात बाईच्या गुडघ्यावर. तिथून सरळ पुढे हंसांच्या पट्टीचा खांब. तिथे डावीकडे वळलं की गाभाऱ्याच्या दाराची चौकट, तिच्यावर एकात एक वेली कोरलेल्या. बोटं वेलीवरून खाली आणली की खालचा द्वारपाल, आणि मग नमस्कार बरोबर देवीसमोर. दिसणाऱ्या माणसांपेक्षा ते आत सहज चालायचे. थांबून खांबावर हात ठेवला तर लोक म्हणत, अण्णांचा जीव हाय देवळावर. मी त्यांच्याकडे बघत राहायचे. घरी खुर्ची शोधताना चाचपडणारा माणूस हाच, हे मलाही खरं वाटायचं नाही.

हे का लपवायचं, याला एक कारण होतं. देवीच्या वार्षिक पूजेत पहिला दिवा ओवाळण्याचा मान आमच्या घराकडे आहे. बाबांच्या आधी तो त्यांच्या चुलत्यांकडे होता. चुलत्यांची दृष्टी गेली, तेव्हा कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललंही नाही. पुढच्या पूजेला तबक थेट बाबांच्या हातात आलं. भंगलेली मूर्ती जशी पुजत नाहीत, तसं मानाचं माणूसही अभंग लागतं, असा आमच्याकडचा समज. चुलते नंतर मंडपात आलेच नाहीत. बाहेर पायरीवर बसायचे, आणि पोरं त्यांच्यासमोर हात हलवून बघायची. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं. "मी पण हलवला होता," एवढं म्हणून ते उठले.

मी एका इंजिनीअरच्या ऑफिसात नकाशे काढते. बहुतेक वेळ बंगले, कधी स्वयंपाकघराचे ओटे. नवीन देवळाच्या परवानगीसाठी जुन्याचा नकाशा लागणार होता, आणि अण्णांची मुलगी हेच काम करते म्हटल्यावर तो मीच काढायचा हे ठरून गेलं. टेप घेऊन मी मंडप मोजला. गाभाऱ्यात बाईमाणसाने जायचं नाही, म्हणून टेपचं टोक घेऊन बाबा आत गेले. आतून त्यांचा आवाज यायचा, "धरलं. वाच." मी बाहेर आकडा वाचायचे. त्यांना तो वाचता आला नसता आणि मला आत जाता आलं नसतं. तो नकाशा आम्ही दोघांनी मिळून काढला. गाभाऱ्याचे कोपरे काटकोनात नाहीत, हे त्यांनी हाताने मला सांगितलं, आणि नंतर मोजलं तर खरंच नव्हते.

ऑफिसातल्या रिवाजाप्रमाणे नवीन बांधकाम लाल रंगात दाखवतात आणि पाडायचं ते पिवळ्या. मी सभामंडप पिवळा केला. बाईचा खांब पिवळा, हंसांचा पिवळा, हमाल तर त्या नकाशात दिसतच नाहीत. वरून पाहिलेल्या नकाशात खांब म्हणजे फक्त एक चौकोन.

पाडायला लोकांची कारणं होती. छप्पर गळायचं. मे महिन्यात मुंबईकर आले की अर्धे लोक बाहेर उन्हात उभे. लग्नं लावायला हॉल हवा होता. एक काकी मला म्हणाली, "तुमाला बरा वाटतो काळोख. आमचा पाय घसरतो ना गो त्या तेलात. लादी झाली की पुसायला बरं." मी मान हलवली. ती रोज तिथे पुसणारी, मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसणारी.

आणि देवीचा कौलही मिळालेला होता. आमच्याकडे गावाचं कुठलंही मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव फुलांच्या ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी मी बायकांमध्ये मागे उभी होते. गुरवाने विचारलं, "बाय माझे, तुझी लेकरं तुझं नवं देऊळ बांदतंव म्हनतात. तुज्या मनात हाय काय?" उजवी कळी जवळजवळ लगेच पडली. घंटा वाजल्या. नवं बांधायचं का, एवढंच तिला विचारलं गेलं. जुनं पाडायचं का, हे कुणी विचारलं नाही. ते वेगळं विचारायचं असतं असं कुणाच्या मनातही आलं नसावं.

परतीच्या एसटीत मी बाबांना हे म्हटलं.

"विचारलं तेवढंच ती सांगते," ते म्हणाले.

"मग तुम्ही विचारा ना. तुमचं ऐकतील."

"कशासाठी विचारतो म्हणून सांगू?"

खांब सुंदर आहेत, जुने आहेत, हे सांगता आलं असतं. पण गावात सुंदर म्हणजे नवं, आणि बाबांचं खरं कारण सांगायचं तर मान जाणार. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, बाहेरचं बघत असल्यासारखे.

माघातल्या पौर्णिमेला वार्षिक पूजा होती. शिमगा अजून महिनाभर पुढे. आम्ही आदल्या दिवशीच गावी गेलो आणि नातेवाइकांकडे उतरलो. सकाळी बाबांनी सोवळं नेसलं, तबकात निरांजन लावलं. वाटेत मी नेहमीसारखी बोलत होते, आंब्याला मोहोर कमी आहे, गडग्यावर मांजर बसलंय. देवळापाशी गर्दी होती. मी पाय धुवायला बाजूच्या दगडी कुंडीकडे वळले. पायऱ्यांपासून पुढे त्यांना माझी गरज नसायची.

पाय धुताना मला गवतात तो दिसला. आडवा पडलेला, कड्यांवर पाडकामाची धूळ. वरचे हमाल निघून बाजूला ठेवले होते, हात वर केलेलेच, आणि वर आता आभाळ. बाई पालथी पडली होती, तिचा गुडघा मातीत. खांबाऐवजी छताखाली लोखंडी तुळई टाकणारा माणूस आधीच मोकळा झाला होता, म्हणून पालखीच्या वाटेतला तेवढा एक खांब समितीने शिमग्याची वाट न बघता काढून घेतला होता. आम्हाला कळवायचं कुणाला सुचलं नाही. कशाला सुचेल?

मी धावले. दारात बायका उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यांवरून मला आतलं दिसलं. बाबा उंबरा ओलांडून सरळ होत होते. डाव्या हातात पेटलेल्या निरांजनाचं तबक, उजवा हात नेहमीच्या उंचीवर पुढे आला. तिथे काहीच नव्हतं. हात हवेतून फिरला, पुन्हा फिरला. खांबाच्या जागी जमिनीत विटा आणि सिमेंटचं ओबडधोबड ठिगळ होतं, त्यात पाय अडकला आणि ते कोसळले. तबक घरंगळत गाभाऱ्याच्या दारापर्यंत गेलं. दिवा विझला.

मग मागून एक आवाज आला, "अण्णा, तुमी पण?"

हशा पिकला.

"पुनवेला सकाळीच!"

"इतकी वर्षं लपवलीत ओ आमच्यापासना. सांगायचं तरी, सोबत आलो असतो."

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. शिमग्यात सगळा गाव पितो तेव्हाही ते सरबत पितात, आणि त्यावरूनही त्यांची थट्टा होते. ते गुडघ्यांवर बसले. तुपाने हात माखले होते. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, ठेच लागली म्हणतील. त्यांनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला आणि हसले.

"झाली खरी जरा जास्त," ते म्हणाले.

गुरव हसला नाही. पहिला दिवा विझणं अशुभ. तो पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, तुमी आज भायर बसा. दिवा दुसरं कोनतरी ओवाळील. पुडच्या वर्षी बगू." 'पुढच्या वर्षी' हे शब्द ऐकून बाबांनी मान हलवली. मला तेव्हा कळलं की त्यांनी हिशोब केला होता. प्यायलेल्या माणसाचा मान एका पूजेपुरता जातो.

ते उठले. कुणीतरी दंडाला धरलं, त्यांनी सौम्यपणे हात सोडवून घेतला. बाहेर जायच्या आधी देवीला नमस्कार करायचा होता. पण पडताना त्यांची दिशा फिरली होती, आणि ज्या खांबावरून ती लागायची तो खांब गवतात होता. त्यांनी पाय जुळवले, तुपाचे हात जोडले, डोळे मिटले आणि खोल वाकून नमस्कार केला. समोर कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकखाली सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या.

आता हसणं थांबेना. माझ्या पुढची काकी तोंडाला पदर लावून हसत होती. खांदा सोलवटलेला तो माणूस म्हणाला, "अवो अण्णा, देवी हिकडं! ती नव्या देवळाची हाय!" बाबा त्या आवाजाकडे वळले आणि त्या माणसालाही हात जोडून उभे राहिले. हसू अजून चेहऱ्यावर तसंच. ते हसू मी ओळखत होते. उलट्या वर्तमानपत्रामागे ते असायचं.

मी बायकांमधून पुढे गेले. देवीच्या पूजेला पुरुषांच्या बाजूला बाई जात नाही, कुणीतरी माझा दुपट्टा धरला. माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार झालं, मग मराठीत, मग मोडलं. बाबांना माझी पावलं ऐकू आली असावीत. त्यांनी मान किंचित हलवली, नको अशी. ते मला दिसलं.

मी त्या सिमेंटच्या ठिगळावर उभी राहिले आणि बोलले. आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"ते प्यायलेले नाहीत. बाबांना दिसत नाही. तुम्ही काढलात, त्या खांबाला धरून ते आत येत होते."